‘कोट्यवधी लोकांचा डेटा गोळा करता का?’ ‘नाही, सर’: जेम्स क्लॅपर प्रकरण सोप्या भाषेत

१२ मार्च २०१३. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन सिनेटच्या गुप्तचर समितीची खुली सुनावणी चालू होती, टीव्हीचे कॅमेरे लागलेले होते. समितीसमोर बसले होते जेम्स क्लॅपर. पद: डायरेक्टर ऑफ नॅशनल इंटेलिजन्स. म्हणजे सीआयए, एनएसए वगैरे सगळ्या अमेरिकन गुप्तचर संस्थांच्या डोक्यावर बसलेला अधिकारी.

ओरेगन राज्याचे सिनेटर रॉन वायडन यांनी त्यांना एक प्रश्न विचारला आणि हो किंवा नाही एवढंच उत्तर द्या म्हणाले. प्रश्न असा होता: एनएसए लाखो किंवा कोट्यवधी अमेरिकन लोकांबद्दल कोणत्याही प्रकारचा डेटा गोळा करते का?

क्लॅपर म्हणाले, “नाही, सर.”

वायडन यांनी परत विचारलं, “करत नाही?”

“जाणूनबुजून नाही. अनवधानाने कधी गोळा होत असेल, पण जाणूनबुजून नाही.”

तीन महिनेही झाले नव्हते. ५ जून २०१३ ला ‘द गार्डियन’ने एका गुप्त कोर्टाचा आदेश छापला. त्या आदेशात व्हेरायझन या टेलिकॉम कंपनीच्या एका शाखेला सांगितलं होतं की तुमच्या नेटवर्कवरच्या सगळ्या कॉल्सचे रेकॉर्ड रोजच्या रोज एनएसएला द्या. परदेशी कॉल द्याच, पण अमेरिकेतल्या अमेरिकेत, एकाच गावात केलेले लोकल कॉलसुद्धा द्या. कागद बाहेर काढणाऱ्याचं नाव चार दिवसांनी कळलं: एडवर्ड स्नोडेन.

तेव्हापासून क्लॅपर यांच्यावर ‘संसदेसमोर, शपथेवर खोटं बोलले’ असा आरोप आहे. खटला कधीच झाला नाही, त्यामुळे कायद्याच्या भाषेत तो आजही आरोपच आहे. उत्तर चुकीचं होतं हे मात्र त्यांनी स्वतः लिहून दिलंय. तरीही काही झालं नाही. का झालं नाही, त्या उत्तराने नेमकं काय बिघडलं आणि आपल्या फोनशी याचा काय संबंध, हे आज बघू.

आधी हे समजून घ्या: त्या रेकॉर्डमध्ये होतं काय?

आपल्याकडे पोलीस तपासाच्या बातम्यांत ‘सीडीआर काढला’ हे वाक्य तुम्ही शंभरदा वाचलं असेल. सीडीआर म्हणजे कॉल डिटेल रेकॉर्ड. व्हेरायझनच्या आदेशात जवळपास हेच मागितलं होतं: कोणत्या नंबरवरून, कोणत्या नंबरला, किती वाजता, किती वेळ, शिवाय फोनचा आयएमईआय आणि सिमचा आयएमएसआय नंबर. बोलणं काय झालं, ते त्यात नव्हतं. ग्राहकाचं नाव-पत्ताही नव्हता. याला मेटाडेटा म्हणतात: बोलण्याबद्दलची माहिती, बोलणं नव्हे.

सरकारचा बचाव याच मुद्द्यावर होता. आम्ही कोणाचं बोलणं ऐकत नाही, मग घाबरता कशाला?

एक साधं उदाहरण घ्या. समजा एका दिवसात एका नंबरवरचे चार कॉल असे आहेत. सकाळी ९.१० ला पॅथॉलॉजी लॅबमधून एक मिनिटाचा कॉल आला. ९.१५ ला आईला फोन, ४० मिनिटं. दुपारी १२ ला हृदयरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात फोन, तीन मिनिटं. संध्याकाळी आरोग्य विमा कंपनीच्या हेल्पलाइनला फोन, २५ मिनिटं. एक शब्दही ऐकला नाही, पण काय झालंय ते तुम्हाला कळलं ना?

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच करून बघितलं. ८०० हून जास्त लोकांनी आपल्या मर्जीने एक अॅप टाकून फोनचा मेटाडेटा त्यांना दिला. २०१६ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत, एका माणसाला हृदयाच्या ठोक्यांचा त्रास आहे हे त्यांनी निव्वळ कॉलच्या यादीवरून ओळखलं होतं. दुसऱ्या एकाकडे कोणत्या प्रकारची बंदूक आहे तेही. नाव-पत्ता नसल्याचा मुद्दाही फारसा टिकत नाही, कारण नंबरवरून नाव शोधायला किती वेळ लागतो ते ट्रूकॉलर वापरणाऱ्या कोणालाही माहीत आहे.

मी रोज सर्व्हरचे लॉग बघते, त्यामुळे एक गोष्ट अनुभवाने सांगू शकते. मोठ्या प्रमाणावर काम करायचं असेल तर बोलण्यापेक्षा मेटाडेटा जास्त सोयीचा. बोलणं ऐकायला माणूस लागतो, भाषा कळावी लागते, टोमणा कळावा लागतो. मेटाडेटाच्या टेबलमध्ये ठरलेले कॉलम असतात, इंडेक्स टाकला की कोट्यवधी ओळींवर क्वेरी काही सेकंदांत चालते.

तीन उड्यांचं गणित

एनएसएचं म्हणणं असं की सगळा डेटा आमच्याकडे असला तरी आम्ही तो उठसूट बघत नाही. संशयित नंबर असेल तरच क्वेरी मारतो, आणि २०१२ या पूर्ण वर्षात असे नंबर ३०० पेक्षा कमी होते.

ऐकायला हे फारच कमी वाटतं. पण नियम तीन उड्यांचा होता. संशयिताने ज्यांना फोन केला ते, त्यांनी ज्यांना केला ते आणि त्यांनी ज्यांना केला ते. अमेरिकेच्या खासगीपणावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी मंडळाने, पीसीएलओबीने, जानेवारी २०१४ च्या अहवालात याचा हिशोब मांडला. प्रत्येक माणसाचे ७५ नवे संपर्क धरा. पहिल्या उडीत ७५ नंबर. दुसऱ्या उडीत ७५ गुणिले ७५, म्हणजे ५,६२५. तिसऱ्या उडीत ४,२१,८७५. एका संशयित नंबरमागे सव्वाचार लाख नंबर!

आता यात पिझ्झावाला, बँकेचं कॉल सेंटर, गॅस एजन्सी असे नंबर आले की काय होईल विचार करा. तुम्ही आणि एखादा संशयित एकाच दुकानातून जेवण मागवत असाल तर तुमच्यामध्ये फक्त दोन उड्यांचं अंतर आहे.

‘गोळा करणे’ म्हणजे काय?

आता मूळ उत्तराकडे येऊ. क्लॅपर यांनी नंतर आपल्या उत्तराची दोन वेगवेगळी कारणं दिली, आणि इथेच प्रकरण रंगतं.

पहिलं कारण जून २०१३ मध्ये एनबीसी वाहिनीवर दिलं. त्यांचं म्हणणं, हा प्रश्न ‘बायकोला मारणं कधी थांबवणार?’ अशा थाटाचा होता, हो किंवा नाही यात त्याचं उत्तर बसत नव्हतं, म्हणून मी त्यातल्या त्यात ‘कमीत कमी असत्य’ असं उत्तर दिलं. त्यांनी ग्रंथालयाची उपमा दिली. लायब्ररीत पुस्तकं कपाटात लावलेली असतात. माझ्या मते ‘गोळा करणं’ म्हणजे कपाटातून पुस्तक काढून, उघडून वाचणं.

ही पळवाट त्यांनी त्या क्षणी शोधून काढली असं मात्र नाही. अमेरिकन संरक्षण खात्याच्या १९८२ च्या नियमावलीतच ‘गोळा करणं’ या शब्दाची व्याख्या अशी होती की इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मिळालेला डेटा माणसाला समजेल अशा रूपात आणला जातो तेव्हाच तो ‘गोळा केला’ असं धरायचं. म्हणजे डेटा तुमच्या डिस्कवर येऊन पडला, तरी तो अजून ‘गोळा’ झालेला नाही!

कोणत्याही प्रोग्रॅमरला विचारा. डेटाबेसमध्ये रो इन्सर्ट झाली की डेटा आला. नंतर कोणी सिलेक्ट क्वेरी मारली की नाही, हा वेगळा प्रश्न. इन्सर्टला इन्सर्ट न म्हणता सिलेक्टलाच इन्सर्ट म्हणायचं ठरवलं, तर ‘आमच्याकडे काहीच नाही’ असं अब्जावधी रो असतानाही म्हणता येईल. शिवाय वायडन यांनी शब्द जपून वापरले होते: ‘कोणत्याही प्रकारचा डेटा’. पळवाटा बुजवण्यासाठीच प्रश्न तसा घातला होता. आधीच्या वर्षी एनएसएचे प्रमुख कीथ अलेक्झांडर यांनी एका परिषदेत ‘आमच्याकडे कोट्यवधी लोकांच्या फाइली आहेत हे साफ खोटं’ असं सांगितलं होतं. वायडन यांनी सुनावणीत त्याचा उल्लेख केला आणि म्हणाले की मी बारा वर्षं या समितीवर आहे, पण इथे ‘फाइल’ म्हणजे काय हेच मला कळलेलं नाही, म्हणून सरळ विचारतो.

दुसरं कारण २१ जून २०१३ च्या पत्रात आलं. समितीच्या अध्यक्षा डायन फाइनस्टाइन यांना क्लॅपर यांनी लिहिलं की माझं उत्तर स्पष्टपणे चुकीचं होतं, त्याबद्दल माफी मागतो. माझ्या डोक्यात परदेशी लोकांच्या संभाषणावर नजर ठेवणारा दुसरा कार्यक्रम होता, फोन रेकॉर्डचा कार्यक्रम त्या वेळी आठवलाच नाही.

दोन्ही कारणं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात ते म्हणतात, मला प्रश्न कळला होता आणि मी विचार करून त्यातल्या त्यात बरं उत्तर निवडलं. दुसऱ्यात म्हणतात, मला तो कार्यक्रम आठवलाच नाही. ही दोन्ही एकाच वेळी खरी असणं अवघड आहे. त्यात वायडन यांनी सांगितलं की प्रश्न आदल्या दिवशीच त्यांच्या कार्यालयाकडे पाठवला होता आणि सुनावणीनंतर उत्तर दुरुस्त करण्याची संधीही दिली होती. क्लॅपर यांच्या कार्यालयाचे मुख्य वकील रॉबर्ट लिट यांची बाजू अशी की क्लॅपर यांचा खरोखरच गोंधळ झाला, चूक लक्षात आणून दिल्यावर त्यांना वाईट वाटलं, पण कार्यक्रमच गुप्त असल्यामुळे जाहीर दुरुस्ती करता येत नव्हती.

मग त्यांनी काय उत्तर द्यायला हवं होतं?

क्लॅपर यांच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. वायडन यांना उत्तर माहीत होतं. समितीला या कार्यक्रमाची गुप्त माहिती दिली जात होती. मग उघड सुनावणीत विचारायचं कशाला? क्लॅपर ‘हो’ म्हणाले असते तर गुप्त माहिती फुटली असती. ‘इथे सांगू शकत नाही’ म्हणाले असते तर ऐकणाऱ्यांनी ओळखलं असतं की पाणी मुरतंय.

वेब डेव्हलपमेंट केलेल्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. एखाद्या पानाची परवानगी नसेल तर सर्व्हर ४०३ हा कोड देतो, म्हणजे ‘आत यायला मनाई’. पण मनाई आहे म्हटल्यावर आत काहीतरी आहे हे कळतंच. म्हणून काही सर्व्हर मुद्दाम ४०४ देतात: ‘असं पान सापडलं नाही’. क्लॅपर यांनी ४०४ दिला.

पण यावर उपाय आहे, आणि तो अमेरिकन गुप्तचर संस्थांनीच शोधलेला आहे. १९७० च्या दशकात सीआयएने ‘ग्लोमार एक्सप्लोरर’ नावाच्या जहाजाच्या मदतीने बुडालेली सोव्हिएत पाणबुडी वर काढायचा प्रयत्न केला. त्याबद्दल माहिती मागितल्यावर उत्तर मिळालं: आम्ही दुजोराही देत नाही आणि इन्कारही करत नाही. तेव्हापासून अशा उत्तराला ‘ग्लोमार उत्तर’ म्हणतात. गंमत अशी की हे उत्तर प्रत्येक वेळी दिलं तरच चालतं. लपवायचं असेल तेव्हा ४०३ आणि लपवायचं काही नसेल तेव्हा मोकळं उत्तर, असं केलं की ४०३ हाच पुरावा होतो. खुल्या सुनावणीत अशा प्रश्नांना सरसकट ‘हे बंद दाराआड सांगतो’ असं म्हणायची शिस्त असती, तर खोटं बोलायची वेळ आली नसती. आणि आदल्या दिवशी प्रश्न हातात असताना ही तयारी करायला वेळही होता.

मग खटला का झाला नाही?

अमेरिकेत दोन कायदे इथे लागू होऊ शकतात. एक, शपथ घेऊन खोटं बोलण्याचा. दुसरा, कलम १००१, सरकारी कामात जाणूनबुजून खोटी माहिती देण्याचा. दुसऱ्यासाठी शपथेचीही गरज नाही, आणि संसदीय समितीच्या चौकशीलाही तो लागू होतो. दोन्हींत जास्तीत जास्त पाच वर्षांची कैद.

डिसेंबर २०१३ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या न्याय समितीतल्या सात रिपब्लिकन सदस्यांनी अॅटर्नी जनरल एरिक होल्डर यांना पत्र लिहून चौकशीची मागणी केली. त्यात जिम सेन्सनब्रेनर होते. ज्या पॅट्रियट कायद्याच्या २१५ व्या कलमाखाली हे रेकॉर्ड गोळा होत होते, तो कायदा २००१ मध्ये मांडणारे हेच गृहस्थ! त्यांचं म्हणणं होतं की आम्ही लिहिलेल्या कलमाचा असा अर्थ होतच नाही.

खटला न होण्यामागे अडचणी अशा होत्या.

पहिली, हेतू सिद्ध करणं. चुकीचं बोलणं वेगळं आणि चुकीचं आहे हे माहीत असताना बोलणं वेगळं. ‘आठवलं नाही’ या बचावाला खोटं ठरवायचं तर माणसाच्या डोक्यात शिरावं लागतं.

दुसरी, कायदा संदिग्ध उत्तराला माफ करतो. १९७३ च्या ब्रॉन्स्टन खटल्यात एका चित्रपट निर्मात्याला विचारलं होतं की तुमचं स्विस बँकेत खातं होतं का. तो म्हणाला, ‘कंपनीचं झुरिकमध्ये सहा महिने होतं.’ स्वतःच्या खात्याबद्दल अक्षर काढलं नाही, आणि खातं होतं! तरी सुप्रीम कोर्टाने त्याला सोडलं, कारण तो बोलला ते शब्दशः खरं होतं. आपल्या महाभारतातलं ‘नरो वा कुंजरो वा’ अमेरिकन कोर्टात चालून जातं म्हणायचं. पण क्लॅपर यांचं ‘नाही, सर’ त्या गटातही बसत नाही, कारण ते शब्दशःही खरं नव्हतं.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी. खटला भरणार कोण? न्याय खातं. ते कोणाचं? राष्ट्राध्यक्षांचं. क्लॅपर कोणाचे अधिकारी? राष्ट्राध्यक्षांचेच. आणि हाच फोन रेकॉर्डचा कार्यक्रम कोर्टात वाचवायचं काम कोणाकडे होतं? त्याच न्याय खात्याकडे.

असे खटले होतच नाहीत असं मात्र समजू नका. सीआयएचे माजी प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांच्यावर चिलीबद्दल सिनेटला पूर्ण माहिती दिली नाही म्हणून कारवाई झाली. १९७७ मध्ये त्यांनी आरोपांना विरोध केला नाही आणि २,००० डॉलर दंड व निलंबित कैद झाली. डोनाल्ड ट्रम्प यांचे जुने वकील मायकेल कोहेन यांनी संसदेला खोटी माहिती दिल्याचा गुन्हा २०१८ मध्ये कबूल केला. कायदा चालतो, पण बहुतेक वेळा सत्तेतून बाहेर पडलेल्यांवर किंवा सत्तेच्या कडेला उभ्या असलेल्यांवर.

क्लॅपर पदावर राहिले आणि जानेवारी २०१७ मध्ये ओबामांच्या कार्यकाळाबरोबर निवृत्त झाले. अशा गुन्ह्यात खटला भरायला पाच वर्षांची मुदत असते. १२ मार्च २०१८ ला ती संपली, आणि विषय कायद्यापुरता मिटला.

पण त्या उत्तराने बिघडलं काय?

माझ्या मते सगळ्या प्रकरणातला कळीचा मुद्दा हा आहे, आणि बातम्यांत तो कमी येतो.

त्या सुनावणीच्या दोनच आठवडे आधी, २६ फेब्रुवारी २०१३ ला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एक निकाल दिला होता. खटल्याचं नाव, योगायोगाने, ‘क्लॅपर विरुद्ध अॅम्नेस्टी इंटरनॅशनल यूएसए’. वकील, पत्रकार, मानवाधिकार संघटना म्हणत होत्या की गुप्तचर संस्थांची नजर आमच्या संभाषणावर आहे. कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की तुमच्यावर नजर आहे हे तुम्ही दाखवू शकत नाही, फक्त अंदाज बांधताय, त्यामुळे तुम्हाला खटला चालवायचा अधिकारच नाही.

आता दोन्ही गोष्टी जोडा. कोर्ट म्हणतं, पुरावा आणा. पुरावा ज्याच्याकडे आहे तो अधिकारी संसदेत सांगतो, असं काही नाहीच. मग सामान्य माणसाने जायचं कुठे? दार बंद होतं आणि किल्ली आत होती.

व्हेरायझनचा आदेश छापून आल्यावर हे एका आठवड्यात बदललं. एसीएलयू ही नागरी हक्क संघटना व्हेरायझनची ग्राहक होती. ११ जून २०१३ ला तिने खटला भरला, आणि या वेळी ‘तुमच्यावर नजर आहे हे कशावरून?’ या प्रश्नाचं उत्तर छापील स्वरूपात तयार होतं. ७ मे २०१५ ला अपील कोर्टाने निकाल दिला की अशी सरसकट गोळाबेरीज २१५ व्या कलमात बसत नाही. पुढच्याच महिन्यात संसदेने यूएसए फ्रीडम कायदा केला. रेकॉर्ड कंपन्यांकडेच राहतील आणि सरकारने ठरावीक नंबरापुरते मागावेत, अशी पद्धत आली.

नव्या पद्धतीतही आकडे लहान नव्हते. २०१७ मध्ये जेमतेम ४० लक्ष्यांसाठी एनएसएकडे ५३ कोटींहून जास्त कॉल रेकॉर्ड आले. २०१८ मध्ये तर कंपन्यांकडून हक्क नसलेला डेटाही येतोय हे लक्षात आलं आणि एनएसएने २०१५ पासूनचे सगळे रेकॉर्ड पुसायला घेतले. पुढच्या वर्षी कार्यक्रमच बंद झाला.

एवढं करून उपयोग किती झाला? पीसीएलओबीच्या अहवालानुसार, या कार्यक्रमामुळे दहशतवादविरोधी तपासाचा निकाल ठोसपणे बदलला असं एकही प्रकरण मंडळाला सापडलं नाही. सरकार ज्या एका खटल्याचा दाखला देत होतं, त्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुसऱ्या एका अपील कोर्टाने हा कार्यक्रम बेकायदा ठरवला. आरोपींची शिक्षा कायम ठेवली, पण हेही लिहिलं की अधिकाऱ्यांच्या जाहीर विधानांवरून या डेटाचं जे महत्त्व वाटत होतं, ते गुप्त नोंदींशी जुळत नाही. म्हणजे अतिशयोक्तीवर कोर्टाने लेखी बोट ठेवलं.

स्नोडेन यांनी २०१४ मध्ये एका जर्मन वाहिनीला सांगितलं की क्लॅपर यांना संसदेत खोटं बोलताना बघितलं तो आपल्यासाठी निर्णायक क्षण होता. टीकाकार म्हणतात, पत्रकारांशी त्यांचा संपर्क तर डिसेंबर २०१२ मध्येच सुरू झाला होता. दोन्ही लक्षात ठेवा. आजची स्थिती अशी की कागद फोडणाऱ्यावर हेरगिरीविरोधी कायद्याखाली गुन्हे आहेत आणि तो रशियाचा नागरिक झालाय. चुकीचं उत्तर देणाऱ्यावर गुन्हा नाही.

आपल्याकडे काय?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. क्लॅपर यांचा तो व्हिडिओ आज यूट्यूबवर कोणीही बघू शकतो, कारण सुनावणी खुली होती. आपल्या संसदीय समित्यांच्या बैठका नियमाप्रमाणे बंद दाराआड होतात. तिथे कोणी काय उत्तर दिलं, ते तुम्हाला-मला बघायला मिळत नाही. गुप्तचर संस्थांना माहिती अधिकार कायद्याच्या २४ व्या कलमाने बरीच सूट आहे.

आपल्याकडे शपथेवरचं उत्तर म्हणजे बहुतेक वेळा कोर्टातलं प्रतिज्ञापत्र. पेगासस प्रकरणात केंद्र सरकारने सुरुवातीला छोटं प्रतिज्ञापत्र देऊन आरोप नाकारले. स्पायवेअर वापरलं की नाही यावर सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यायला मात्र राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन नकार दिला. २७ ऑक्टोबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने तांत्रिक समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये कोर्टात सांगितलं गेलं की तपासलेल्या २९ फोनपैकी ५ मध्ये मालवेअर सापडलं, पण ते पेगाससच असं ठामपणे म्हणता येत नाही, आणि सरकारने समितीला सहकार्य केलं नाही. म्हणजे अमेरिकेत ४०४ मिळाला, आपल्याकडे रिक्वेस्ट टाइमआउट झाली. खोटं उत्तर निदान पकडता तरी येतं. उत्तरच नसेल तर पकडणार काय?

आणि सीडीआर? डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटी बदलल्या. कंपन्यांनी कॉल आणि इंटरनेट वापराचे रेकॉर्ड किमान दोन वर्षं ठेवायचे, आधी एक वर्ष होतं. तुमचा कॉल ऐकायचा असेल तर गृहसचिवांच्या पातळीवरची परवानगी लागते. सीडीआर मिळवायला इतकी वरची पायरी चढावी लागत नाही. हा डेटा किती मोलाचा आहे ते ठाण्यात दिसलं होतं. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी लोकांचे सीडीआर बेकायदा मिळवून विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. ‘नुसता मेटाडेटा’ असता तर त्याला गिऱ्हाईक कशाला मिळालं असतं?

तुमच्या कामाचं काय?

‘गोळा करणं’ या शब्दाचा खेळ फक्त गुप्तचर संस्था खेळतात असं नाही. प्ले स्टोअरवर कोणत्याही अॅपच्या पानावर ‘डेटा सेफ्टी’ असा भाग असतो. तिथे ‘कलेक्ट’ची गुगलची व्याख्या आहे: डेटा तुमच्या फोनमधून बाहेर पाठवणं. फोनमधल्या फोनमध्ये प्रक्रिया केली तर ते ‘कलेक्ट’ धरत नाहीत. अॅपलची व्याख्या थोडी वेगळी. डेटा बाहेर गेला आणि तेवढ्यापुरतं काम झाल्यावरही कंपनीला तो वापरता येत असेल, तरच ते ‘कलेक्ट’. दोन्ही व्याख्या जाहीर आहेत, यात कोणी खोटं बोलत नाहीये. पण एकाच अॅपच्या बाबतीत दोन दुकानांतल्या पाट्या वेगळ्या दिसू शकतात. शिवाय ही माहिती अॅप बनवणाराच भरतो.

म्हणून कोणीही, सरकार असो वा कंपनी, ‘आम्ही तुमचा डेटा गोळा करत नाही’ म्हणालं की चार प्रश्न विचारायची सवय लावा. ‘गोळा’ म्हणजे तुमच्या मते काय? ‘डेटा’मध्ये मेटाडेटा धरलाय का? किती दिवस ठेवता? आणि हे उत्तर खोटं निघालं तर कोणावर, कोणत्या कायद्याखाली कारवाई होईल? क्लॅपर प्रकरणात पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं अखेर मिळाली, तीही कागद फुटले म्हणून. चौथ्याचं उत्तर अमेरिकेतल्या जुन्या, भक्कम यंत्रणेलाही पाच वर्षांत देता आलं नाही.